पहिली तोफ डागणारा माणूस

३१ डिसेंबरच्या दुपारी बोरिवली पश्चिमेकडून गोराई खाडीकडे निघालात, तर रिक्षाला रांग असते. पलीकडे रात्रभर गाणी वाजणार असतात. तुम्हीही जेट्टीवर उभे राहा, पण होडीत पाय ठेवताना साल मागे टाका. ३१ डिसेंबर १८०२.

मागचे टॉवर नाहीसे होतात. राहतात ती भातखाचरं, ताडमाड, कान्हेरीचा डोंगर आणि मंडपेश्वराच्या लेण्यांवर पोर्तुगीजांनी बांधलेल्या मठाच्या भिंती. ज्या बेटावरून तुम्ही निघालात, ते साष्टी. मराठ्यांनी १७३७ मध्ये ते पोर्तुगीजांकडून घेतलं, इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला मारून ते मराठ्यांकडून घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ते कायमचं त्यांच्याकडे राहिलं. म्हणजे बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, सगळं कंपनी सरकारचं. उत्तनवरून पुढे डोंगरीच्या टेकडीवर चढा. समोर वसईची खाडी आणि पलीकडे वसईचा किल्ला. तो मात्र अजून पेशव्यांचा. तुम्ही दोन राज्यांच्या सरहद्दीवर उभे आहात आणि सरहद्द म्हणजे हे एवढंसं पाणी.

आज त्या किल्ल्याच्या छायेत सत्तावीस वर्षांचा एक पेशवा इंग्रजांशी तह करतो आहे. दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, त्याचा जाब विचारायला यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आला. २५ ऑक्टोबरला हडपसरला पेशवे आणि शिंद्यांची फौज मोडली आणि बाजीराव पळाला. सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग, रेवदंडा असं करत समुद्रमार्गाने तो इथे आला आहे. रेसिडेंट कर्नल क्लोज कागद घेऊन बसला आहे. कंपनीची सहा हजार कवायती पायदळाची फौज पेशव्यांच्या मुलखात राहणार, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, परराज्यांशी बोलणं कंपनीला विचारून. संध्याकाळपर्यंत पेशवाईचा कणा या कागदात गेलेला असेल. मराठी राज्य कुठे बुडालं असं कुणी विचारलं, तर लोक पुण्याकडे, शनिवारवाड्याकडे बोट दाखवतात. मला वाटतं, ते बोट आधी इथे यायला हवं, गोराई-उत्तनच्या समोर.

पण ज्या माणसासाठी तुम्हाला इथवर आणलं, तो आज इथे नाही. तो दूर दक्षिणेत, धारवाडकडे आहे. वय पंचवीसच्या आसपास. नाव नरहर गणेश गोखले, कोकणातल्या तळेखाजणचा. फौजेत सगळे त्याला बापू म्हणतात. हा तह त्याने केलेला नाही, त्याला विचारूनही केलेला नाही. पुढची पंधरा वर्षं तो या तहाच्या आत जगेल आणि शेवटी तो मोडायला घोड्यावर बसेल.

दोन वर्षं मागे चला. जून १८००, कित्तूरच्या बाजूचं रान. पाऊस लागलेला, जमीन निसरडी. टिपूच्या पाडावानंतर श्रीरंगपट्टणच्या कैदेतून सुटलेला धोंडजी वाघ या मुलखात धुमाकूळ घालतो आहे. स्वतःला दोन्ही लोकांचा राजा म्हणवतो. बापूचा चुलता धोंडोपंत गोखले पेशव्यांच्या वतीने या प्रांतावर आहे आणि दोघांचं वैर जुनं आहे. धोंडोपंताच्या रक्ताने मिशा रंगवीन, अशी वाघाची शपथ लोक सांगतात. ३० जूनला वाघाने गाठलं. धोंडोपंत पडला, फौज उधळली. जे थोडे वाचले त्यात बापू आहे. त्याच्या जवळ जा. चिखलाने माखलेला, चुलत्याला मागे टाकून निघावं लागलेला पोरसवदा शिलेदार. वाढवलं, शिकवलं, घोड्यावर बसवलं ते त्या चुलत्याने.

वाघाच्या मागावर आणखी एक फौज आहे, म्हैसूरहून आलेल्या एका इंग्रज कर्नलची. आर्थर वेलस्ली त्याचं नाव, वय एकतीस. बापू त्याच्या मोहिमेला मिळतो. १० सप्टेंबरला कोनगळजवळ वेलस्लीने चार रिसाल्यांची एक लांब रांग केली आणि पाचेक हजारांच्या जमावावर स्वतः पुढे होऊन घोडी घातली. वाघ ठार झाला. बापूचा सूड उगवला तो असा, इंग्रजांच्या हातून. त्या दिवशी बापूला काय वाटलं असेल, याचा विचार करताना मला नेहमी चुलत्याच्या ऋणाची आठवण होते. ज्याने चुलत्याचा मारेकरी संपवला, त्या माणसाशी त्याचं पहिलं नातं कृतज्ञतेचं होतं. पुढची गोष्ट त्यामुळेच अवघड होते.

आता १८०३. बाजीरावाला गादीवर बसवायला वेलस्ली, आता जनरल, दक्षिणेतून पुण्याकडे येतो आहे आणि पेशव्यांचे दक्षिणेतले सरदार त्याला येऊन मिळताहेत. बापू त्यात आहे, निपाणीकर आप्पा देसाई आहे. होळकर निघून गेलाय. पुणं जाळलं जाणार अशी आवई उठली, तेव्हा वेलस्लीने शेवटचे साठ मैल बत्तीस तासांत कापले आणि २० एप्रिलला पुणं गाठलं. १३ मे रोजी बाजीराव पुन्हा मसनदीवर. वसईहून तो परत आला तो इंग्रजी संगिनींच्या सोबतीने.

वसईचा तह शिंदे-भोसल्यांना मान्य नव्हता, त्यातून त्यांचं इंग्रजांशी युद्ध पेटलं. २३ सप्टेंबरची दुपार. भोकरदनच्या पुढे केळणा नदीच्या दक्षिण काठावर, बापूच्या पथकाच्या बाजूला उभे राहा. पलीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचा तळ मैलोगणती पसरलाय. पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या सरदाराने शिकवलेल्या पलटणी, शंभराच्या घरात तोफा, आणि गोलंदाज असे की फिरंगी पाहतच राहावेत. वेलस्लीकडे कवायती माणूस साडेचार हजार. वाटाडे सांगतात, पुढे उतार नाही. त्याने दुर्बीण लावली. नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसलेली आहेत, म्हणजे मध्ये गाडीवाट असणारच. तिथूनच त्याने फौज उतरवली. कोकणातल्या कुठल्याही पोराला सुचेल असा हा विचार, पण त्या घाईत तो त्याला सुचला.

बापू आणि म्हैसूरचे स्वार याच काठावर ठेवलेत, पलीकडच्या मराठी घोडदळावर नजर ठेवायला. म्हणून तुम्हालाही सगळं दिसतं. शिंद्यांच्या पलटणी तोंड फिरवून नव्या बाजूला रांग धरतात. त्यांच्या तोफा इंग्रजांचे बैल, तोफगाडे, माणसं उडवतात. असई गावाच्या दिशेने भलतीच पुढे गेलेली स्कॉटिश पलटण जवळजवळ कापली जाते. आणि तरीही उरलेली रांग थांबत नाही. माणूस पडतो, बाजूचा सरकून त्याची जागा घेतो, पावलं तीच. संध्याकाळी तोफा इंग्रजांच्या हाती आणि त्यांची पंधराशेहून जास्त माणसं मेलेली किंवा जखमी. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, वॉटर्लूवर नेपोलियनला हरवलं, आणि म्हातारपणीही आपली सगळ्यात चांगली लढाई म्हणून असईचं नाव घेत राहिला.

बापूने ती नदीच्या या काठावरून पाहिली. पुढे पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांशी लढायचं म्हणणारे बरेच निघाले, पण त्यांच्यातले फार थोडे असे होते ज्यांनी ती न थांबणारी रांग जवळून पाहिली होती. बापूने पाहिली होती. त्याला भोळा ठरवणाऱ्यांनी हे विसरू नये.

मधली वर्षं भराभर ओलांडू. १८०७ च्या सुमारास बाजीरावाने त्याला पंतप्रतिनिधींवर पाठवलं. प्रतिनिधी हाती आले, पण त्यांच्या बाजूने ताई तेलिणीने वासोटा किल्ला सुमारे आठ महिने लढवला आणि बापूला जेरीस आणलं. लोकांनी त्यावर केलेली तिखट ओवी सातारा भागात अजून ऐकू येते, त्यात हार-जीत बापूची असली तरी मान तेलिणीचा आहे. किल्ला शेवटी पडला. पण मराठ्याने मराठ्याचे किल्ले पाडण्यात वर्षं घालवायची आणि साष्टीच्या बेटावर इंग्रज निवांत, हे त्या काळाचं चित्र.

त्याच वेळी युरोपात एक माणूस बापूसारख्याच वाटेने चालला होता. कार्ल फिलिप श्वार्झेनबर्ग, ऑस्ट्रियाचा सरदार, १७७१ चा जन्म, बापूपेक्षा थोडा मोठा. १८०५ मध्ये उल्मला ऑस्ट्रियाची फौज नेपोलियनला शरण गेली, तेव्हा हा रिसाला घेऊन वेढ्यातून निसटला. पुढे तो पॅरिसला वकील झाला. ऑस्ट्रियाची राजकन्या नेपोलियनला दिली गेली, त्या सोयरिकीत त्याचा हात होता. १८१२ मध्ये नेपोलियन रशियावर निघाला, तेव्हा ऑस्ट्रियाचे तीसेक हजार लोक घेऊन श्वार्झेनबर्ग त्याच्याच बाजूने लढायला गेला. आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८१३ मध्ये, लाइपझिगला त्याच नेपोलियनविरुद्धच्या सगळ्या फौजांचा तो सरसेनापती होता. चार दिवस, दोन्हीकडची मिळून पाच लाखांच्या आसपास माणसं. नेपोलियन हरला.

ज्याच्या छावणीत जेवलो, ज्याची चाल जवळून पाहिली, त्याच्यावरच एक दिवस उलटायचं. दोघांच्या नशिबी तेच होतं. लाइपझिगला श्वार्झेनबर्गच्या छावणीत तीन-तीन राजे होते, रशियाचा झार, ऑस्ट्रियाचा सम्राट, प्रशियाचा राजा, आणि त्यांच्या लुडबुडीला तो कंटाळला होता. पण ते छावणीत होते. त्यांच्या राज्यांनी एकमेकांशी वेळेत जुळवून घेतलं होतं. बापूच्या बाजूला शिंदे, होळकर, भोसले एका दिवशी, एका ठरवाने कधी उभे राहिले नाहीत. आणि त्याचा एकच धनी, तो कुठे होता ते तुम्ही आता पाहाल.

मुलुंड चेकनाक्यावरून ठाण्यात या. १२ सप्टेंबर १८१६ ची रात्र आहे, पाऊस कोसळतो आहे. आजचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे ठाण्याचा किल्ला. आत बाजीरावाचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला, त्याचा ठपका याच्यावर आला आणि पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्याला मागून घेतलं. पहाऱ्यावर सगळे गोरे, म्हणजे मराठी कुणाला कळू नये अशी पक्की व्यवस्था. पण गेले काही दिवस एका साहेबाचा मोतद्दार घोडा फिरवताना खिडकीखाली मराठी गाणं म्हणत असे आणि गाण्यातच निरोप असे. आज रात्री भिंतीला पाडलेल्या भोकातून त्रिंबकजी निसटला. सकाळी किल्ल्यात गलका होतो तेव्हा तो अंधार आणि पाऊस पांघरून बेटाबाहेर पोचलेला आहे.

यानंतर पुणं धुमसायला लागलं. जून १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने बाजीरावाच्या गळ्याला आणखी एक तह बांधला, मुलूख आणि किल्ले घेतले. आता बाजीराव आपल्या सगळ्यात तयार सेनापतीकडे वळला. फौज उभारायला कोटभर रुपये बापूच्या हवाली झाले आणि मुखत्यारीही.

मुलुंड-घाटकोपरकडचे लोक पुण्याला जातात तेव्हा गाडी दापोडी, खडकी, शिवाजीनगर असं करत पुण्यात शिरते. तोवर सामान खाली काढायची धांदल उडते आणि खिडकीबाहेर कुणी बघत नाही. पुढच्या वेळी बघा. आज ५ नोव्हेंबर १८१७ आहे आणि ती गाडी रणांगणातून चालली आहे. दापोडीला कॅप्टन फोर्डची पलटण, खडकीला कर्नल बरची छावणी, इंग्रज मिळून तीन हजारांच्या आत. गणेशखिंडीपासून इकडे, आज जिथे विद्यापीठ आहे तिथून, मराठी घोडदळ उतरतं आहे, वीस हजारांच्या घरात, मागे पायदळ वेगळं. एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून नदीपलीकडून छावणीत आला आणि मागे त्याचं घर, त्याची पुस्तकं पेटली. त्या दिवशी त्याच्याबरोबर असलेला, पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रांट डफ याला तो लोंढा बघून खंबातच्या आखातातल्या भरतीची लाट आठवली.

बाजीराव पर्वतीवर आहे. तिथून सगळं दिसतं.

आणि इथे तो क्षण येतो ज्यासाठी हा सगळा प्रवास. पर्वतीवरून एक स्वार बापूकडे सुटला. निरोप असा की पहिली तोफ आपण डागू नये. ग्रांट डफ सांगतो, बापूने स्वार येताना पाहिला, काय निरोप असेल ते ओळखलं, आणि तो पोचायच्या आत नऊ तोफांचा मोर्चा सुरू केला. तुम्ही त्याच्या घोड्याशेजारी उभे आहात. कानठळ्या बसतात. स्वार लगाम खेचून मध्येच थांबतो. पंधरा वर्षांचा वसईचा कागद या एका आवाजाने फाटला, आणि तो धन्याच्या हुकमाने फाटला नाही, धन्याचा हुकूम कानावर येऊ न देता फाटला. सेनापतीने हुकूम चुकवावा का, यावर वाद घालता येईल. मी बापूच्या बाजूचा आहे. चढाईला निघालेल्या फौजेला ऐन वेळी हात आखडायला सांगणं म्हणजे तिला उभ्या उभ्या मारणं, आणि ते कुणी अडवलं तर ते त्याचं कर्तव्यच.

इंग्रज वाट पाहत बसले नाहीत, पुढे आले. पेशव्यांच्या चाकरीतल्या डी पिंटोची पलटण त्यांच्यावर गेली आणि मागे रेटली गेली. तिचा पाठलाग करताना इंग्रजांची एक तुकडी रांगेतून तुटली. बापूने संधी हेरली. निवडक सहा हजार घोडा, वर जरीपटका, आणि दौड. तुम्हीही त्या दौडीत आहात. जमीन घोड्यांखाली सपाट वाटते. मग अचानक पुढचे घोडे गुडघ्यापर्यंत रुतून कोसळतात. समोर दलदल आहे, गवताने झाकलेली. मागून येणारे पुढच्यांवर आदळतात आणि पलीकडून गोळ्यांची फैर येते. असईला नदीत उतार शोधणाऱ्या माणसाजवळ बापू होता. इथे त्याच्या घोड्यांपुढची जमीन त्याला कुणी सांगितली नाही.

जरीपटका घेऊन मोरो दीक्षित होते. इंग्रजांशी हे युद्ध नको म्हणणाऱ्यांपैकी ते. दापोडीचा फोर्ड त्यांचा जुना स्नेही, लढाईआधी दोघांनी एकमेकांच्या बायकामुलांची काळजी घ्यायचं ठरवलं होतं. त्याच फोर्डच्या पलटणीच्या तोफेचा गोळा लागून दीक्षित पडले. संध्याकाळी मराठ्यांकडे पाचशेच्या आसपास मेलेले-जखमी, इंग्रजांकडे शंभराच्या आत. फौज मोडली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चढाई झाली नाही, आणि घोडनदीकडून जनरल स्मिथ येऊन पोचला. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागलं, ते लावलं इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूने. बाजीराव आदल्या रात्रीच निघाला होता.

१ जानेवारी १८१८, भीमेकाठचं कोरेगाव. शिरूरहून पुण्याला निघालेली कॅप्टन स्टाँटनची आठशेच्या आसपास माणसं गावात अडकली आहेत. बापू, त्रिंबकजी, आप्पा देसाई बाहेर आहेत, अरब आणि गोसावी गल्ल्यांतून आत घुसतात. पाणी नाही. दिवसभर घराघरासाठी मारामारी. रात्री पेशव्यांची फौज निघून जाते, कारण स्मिथ जवळ आल्याची बातमी आहे. आतली मुंबई इलाख्याची पलटण टिकली. तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्यातल्या पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. आजही त्या दिवशी घाटकोपर, मुलुंडमधून माणसं तिकडे निघतात. बापूवर माझा जीव आहे, तरी हे मला स्पष्ट म्हणायचं आहे. ज्या पेशवाईसाठी तो लढला तिने त्या शिपायांच्या घरांना माणूस म्हणून वागवलं नव्हतं. त्यांनी तिच्या बाजूने का लढावं, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. बापूच्या तलवारीतही ते नव्हतं.

शेवटचा मुक्काम. २० फेब्रुवारी १८१८ ची सकाळ, सोलापूरच्या बाजूचं आष्टी. बाजीराव जेवायला बसला आहे. तळात साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह, वय पंचवीस, आई आणि भावांसह. त्यांच्याच नावाने राज्य चालतं आणि ते कैदेत आहेत. मागच्याच आठवड्यात एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढलाय की छत्रपतींना राज्य देऊ, बाजीरावाला नाही. धूळ दिसते. स्मिथचं घोडदळ. शत्रू इतका जवळ येईपर्यंत कळलं कसं नाही, म्हणून बाजीराव बापूवर चिडला. बापूने पिछाडी सांभाळायचा शब्द दिला. पेशवा पालखी सोडून घोड्यावर बसला आणि निघाला.

बापूबरोबर थोडेच स्वार उरलेत, काही शे. पळणाऱ्यांत सामील व्हायला त्याला कुणी अडवलेलं नाही. तो उलट वळला. इंग्रजी रिसाला नाला ओलांडत असताना त्याने तिरकी घोडी घातली आणि एक रांग फोडली. जनरल स्मिथच्या डोक्याला वार लागला. पण मागून ड्रॅगून आले. पिस्तूल, मग तलवारी. बापू पडला, चाळीस-एक्केचाळीसच्या वयात.

थोड्या वेळाने प्रतापसिंह आणि त्यांचं कुटुंब इंग्रजांच्या हाती येतं आणि एप्रिलमध्ये त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं जातं. बाजीराव आणखी साडेतीन महिने धावतो आणि ३ जूनला माल्कमच्या स्वाधीन होतो, वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर, पुढे ब्रह्मावर्ताला १८५१ पर्यंत जगतो. पण तुम्ही आष्टीतच थांबा, तळ उठताना बघा. सरदार आपापल्या मुलखाकडे घोडी वळवताहेत, कुणी रात्री, कुणी उघड. या फौजेत आता लढू या असं कुणी म्हणत नाही. म्हणणारा एक होता.